सरपंचाची डावी कूस

१

मासा डॉ. शिवांजली गळवे हिनं मारला नाही, हे रविवारी दुपारी पावणेबारा वाजता सव्वीस पशुवैद्य, एक निवृत्त सुभेदार, एक आचारीण आणि एक म्हैस यांच्यासमोर निर्विवाद सिद्ध झालं.

आता हे वाक्य वाचकांनी विसरून जावं. असं काही झालेलं नाही. शिबिर झालं नाही, मासा नव्हता, आणि रविवारसुद्धा जवळजवळ नव्हताच. तसं पत्र आहे, पत्रावर शिक्का आहे, आणि शिक्क्यापुढं आपण कोण? तेव्हा जे झालं नाही ते नेमकं कसं झालं नाही, एवढंच इथं सांगायचं आहे.

कोयनानगरच्या खाली नदीच्या वळणावर डॉ. विश्वजित निकम यांचं एक तळं आहे. निकम कराडचे, कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात कुत्रासुद्धा पाय पुसून आत जातो, अशी ख्याती. त्यांच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. पशुवैद्याला दर पाच वर्षांनी पशुवैद्यक परिषदेकडं नोंदणी नवी करावी लागते, त्यासाठी शिक्षणाचे गुण लागतात आणि गुणांसाठी व्याख्यानं ऐकावी लागतात. व्याख्यान ऐकणारा माणूस झोपतो. पण त्याच माणसाला सांगितलं की दुपारी हातात काठी मिळेल आणि काठीला मासा लागेल, तर तो निदान एका डोळ्यानं जागा राहतो. म्हणून सकाळी व्याख्यान, दुपारी मासेमारी, तीन दिवसांत पंधरा गुण.

मासेमारीही साधीसुधी नाही. गळाला गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. पिसं आणि रेशमी दोरा बांधून केलेली खोटी माशी. ती पाण्यावर अशी टेकवायची की माशाला खरी वाटावी. मासा फसला की फोटो काढायचा आणि सोडून द्यायचं.

तळ्यात मोठा मासा एकच होता. खडस, ज्याला शहरातले लोक महसीर म्हणतात. वजन अकरा किलो. आजवर चौदा शिबिरं झाली आणि चौदाही वेळा तोच गळाला लागला. कुणीही उभं राहिलं तरी निवडून तोच येतो, म्हणून त्याचं नाव सरपंच.

शिवांजली आटपाडी तालुक्यातली. वडिलांची मेंढरं, आजोबांची मेंढरं, आणि हिच्या हाती मेंढरांचा दवाखाना. अकरा वर्षं कुलूप असलेला तो दवाखाना ती कंत्राटी डॉक्टर म्हणून आली तेव्हा उघडला होता. तिची नोंदणी सोमवारी संध्याकाळी संपत होती. दोन वर्षं ती वाड्या-वस्त्यांवर लसी टोचत फिरली होती, आणि मेंढीला लस टोचण्याचा एकही गुण मिळत नाही. हे पंधरा गुण मिळाले तर नोंदणी, नोंदणी असेल तर कंत्राट, आणि कंत्राट असेल तर दवाखाना उघडा. नाहीतर मंगळवारी सकाळी पुन्हा कुलूप.

इतकं सगळं ठाऊक असताना तिनं पहिल्याच दिवशी, ओळखीच्या तासाला, उठून विचारलं होतं की आपल्या गुणांसाठी एकाच माशाच्या तोंडाला चौदा वेळा भोक पाडायचं, हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय. निकमांनी हसून सांगितलं होतं की मॅडम विनोदी आहेत.

रविवारी सकाळी साडेसहाला तिच्या खोलीच्या दारावर थाप पडली. बाहेर सुभेदार नाथाजी शिर्के उभे होते. नाथाजी मासेमारीचे शिक्षक. फौजेत काश्मीरला असताना एका ब्रिगेडियरची काठी सांभाळता सांभाळता ही विद्या शिकलेले.

"मॅडम, सरपंच गेलं."

"कुठं गेलं?"

"वर. आन् तुमच्या नावानं बोंब चाललीया."

२

शनिवारी संध्याकाळी सरपंच पंधराव्यांदा निवडून आला होता. सव्वीस जणांनी त्याला हातात घेऊन सव्वीस फोटो काढले. सत्ताविसाव्या शिवांजलीनं काढला नाही. त्यानंतर मासा एका अंगावर कलंडायला लागला, म्हणून नाथाजींनी त्याला काठाजवळच्या जाळीच्या पिंजऱ्यात विसाव्याला ठेवलं. पिंजरा वरून उघडा, गुडघाभर पाण्यात.

आता सरपंच त्याच पिंजऱ्यात उजव्या कुशीवर पडला होता. डावी कूस वर, टम्म फुगलेली. आणि शेजारच्या कुंपणावर एक पिवळा रेनकोट वाळत घातल्यासारखा टाकलेला. शिबिरानं सगळ्यांना सारखेच रेनकोट दिले होते. पाठीवर मोठ्या अक्षरांत नावं. या रेनकोटाच्या पाठीवर लिहिलं होतं: गळवे.

निकमांनी खटला आधीच चालवला होता, निकालही लावला होता, आता फक्त आरोपी यायची वाट होती. पहिल्या दिवशीचं भाषण हा हेतू, रेनकोट हा पुरावा. दुपारी बाराला प्रमाणपत्रांवर सह्या होणार होत्या. तोवर शिवांजलीनं लेखी कबुली दिली तर प्रकरण माफीवर मिटेल. नाही दिली तर बाकीच्यांची प्रमाणपत्रं होतील, तिचं होणार नाही.

"माफी मागितली की गुण मिळतील?" तिनं विचारलं.

"विचार करता येईल."

"मग बारापर्यंत मी तपास करते."

निकम म्हणाले, आरोपीनंच तपास करायचा ही काय पद्धत झाली.

"जनावर मेलंय सर. इथं जनावराला हात लावायची सवय असलेलं दुसरं कोण दिसत न्हाई मला."

ती चिडली की तिच्या तोंडचं 'नाही' 'न्हाई' व्हायचं. निकमांना हे ठाऊक नव्हतं, म्हणून ते बेसावध राहिले.

तपासाची पहिली सोय चिपळूणनं करून ठेवली होती. सव्वीस शिबिरार्थी शनिवारी फोटो झाल्याझाल्या दोन गाड्या करून कुंभार्ली घाट उतरले होते. मासे पकडून सोडून देण्याच्या शिबिराला आलेल्या माणसांना संध्याकाळी मासे खायची जी इच्छा होते, ती रोखणं कुणाच्याच हातात नसतं. परत निघेपर्यंत घाटात दरड आली आणि सकाळी आठपर्यंत रस्ता बंद. म्हणजे पहाटे तळ्यावर नव्हते असे सव्वीस जण होते आणि होते असे सहाच. शिवांजली, निकम, नाथाजी, स्वयंपाकाच्या साळूबाई, परिषदेची निरीक्षक प्रांजल साबळे, आणि प्रमुख पाहुणे डॉ. आप्पासो खोत.

त्यातल्या प्रांजलपासून तिनं सुरुवात केली. प्रांजल पशुवैद्य नव्हती. तिचं काम हजेरी घेणं. गाय दिसली की ती रस्ता बदलायची, आणि शिबिरं मोजायला परिषदेनं तिलाच नेमलं होतं. टेबलावर तिचा हजेरीचा कागद होता. रविवार सकाळच्या रकान्यात चिपळूणला अडकलेल्या सव्वीसही जणांच्या सह्या होत्या.

"कालच करून ठेवल्या त्यांनी," प्रांजल म्हणाली. "गैरसोय नको म्हणून."

पहाटे पावणेसहाच्या सुमाराला तिनं खिडकीतून तळ्याकडं पाहिलं होतं. भुरभुर पाऊस होता. पिंजऱ्याशी कुणीतरी वाकलं होतं, अंगात पिवळा रेनकोट, डोक्यावर टोपी ओढलेली. बाई की पुरुष, कळलं नाही. पण तो माणूस पाण्याशी बोलत होता.

"काय बोलत होता?"

"हो, हो... हो राजा, हो... असं. समजूत घातल्यासारखं."

माणूस मारताना असं बोलत नाही, हे शिवांजलीच्या मनात आलं. तिनं विचारलं, मग ती मीच होते असं तुला का वाटलं.

प्रांजलनं टेबलाच्या खणातून पक्षी बघायची दुर्बीण काढून पुढं ठेवली. "पाठ माझ्याकडं होती, मॅडम. नाव वाचलं मी."

३

मुदपाकखान्याच्या दाराशी खुंट्यांची रांग होती आणि खुंट्यांवर पिवळ्या रेनकोटांची. तिचा रेनकोट काल संध्याकाळी तिनंच दारातल्या पहिल्या खुंटीला अडकवला होता. पहाटे पावसात बाहेर पडणाऱ्या कुणाच्याही हाताला तोच आधी लागला असता.

आत साळूबाई भाताला कमी आणि नशिबाला जास्त शिव्या देत होत्या. त्यांचं गाऱ्हाणं वेगळंच होतं. पाचला त्यांनी चूल पेटवली, आप्पासाहेबांना बिनदुधाचा चहा दिला, आणि म्हशीची धार काढायला मागं गेल्या. परत आल्या तर गोडेतेलाची बाटली अर्धी, आणि हिंगाची डबी रिकामी.

"हिंग? सगळं?"

"चमचा घालून खरवडलंय, बाय. आमटीला आता काय घालू, तुमची परमाणपत्रं?"

शिवांजली तळ्याकडं परत आली तेव्हा नाथाजी पिंजऱ्याशी उकिडवे बसले होते. त्यांनी न बोलता पाण्याकडं बोट केलं. पिंजऱ्याभोवती वावभर पाण्यावर सप्तरंगी साय धरली होती आणि पाण्यावर पळणारे लांब पायांचे किडे त्यात चिकटून पडले होते.

"त्याल हाय," नाथाजी म्हणाले. "मगाधरनं बघतुय. डिझेल म्हणावं तर वास न्हाई."

तिनं गुडघ्यावर बसून माशाचं तोंड उघडलं आणि हुंगलं. मग नाथाजींना हुंगायला सांगितलं. नाथाजींनी हुंगलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हिंग," ते म्हणाले. "आयला, हे तर फोडणीपत्तूर आलंय."

आता त्यांनाही विचारणं भाग होतं. तळ्याचा बांध फोडून सरपंचाला कोयनेत सोडणार, असं ते गेलं वर्षभर उघड बोलत होते. शिवांजलीनं ते तसंच त्यांच्यापुढं ठेवलं.

नाथाजींनी आधी हात तळ्यात बुडवले, मग ओल्या हातांनी माशाचं डोकं सरळ केलं. कोरडा हात लावला तर माशाच्या अंगावरचं बुळबुळीत कवच निघून येतं, हे त्यांनी सगळ्यांना तीन दिवसांत तीस वेळा सांगितलं होतं. मेलेल्या माशालाही त्यांनी कोरडा हात लावला नाही.

"माझ्या मनात त्यो पाण्यात जायचा हुता, मॅडम. पाण्याभाईर न्हाई."

तिनं त्यांचं नाव यादीतून काढलं. मग डोळ्यांच्या पुढं माशाला ज्या बारीक नाकपुड्या असतात, तिथं तिचं लक्ष गेलं. दोन्ही बाजूंना एकेक खोल ओरखडा होता. नखाचा. एक रुंद, एक अरुंद. चिमटीत धरल्यासारखा.

तिनं बराच वेळ त्या ओरखड्यांकडं पाहिलं. माशाचं नाक कोण धरतं?

प्रमुख पाहुणे डॉ. आप्पासो खोत व्हरांड्यात आरामखुर्चीत होते. एकाहत्तर वर्षांचे, वाळवा तालुक्यातल्या उसाच्या घरातले, पशुसंवर्धन खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, आणि परिषदेच्या गुण समितीचे अध्यक्ष. म्हणजे कुणाला किती गुण द्यायचे, यावर शेवटची सही त्यांची. शनिवारी त्यांनी पोटफुगीवर दोन तास व्याख्यान दिलं होतं. निम्मं व्याख्यान त्यांच्या स्वतःच्या खिल्लारी बैलांविषयी होतं आणि उरलेलं निम्मं त्या बैलांच्या आईविषयी.

आता त्यांनी तिला चाळीस मिनिटं बसवून घेतलं. बैलांची गोष्ट संपली तेव्हा तिनं विचारलं, पहाटे काही वेगळं दिसलं का.

"वेगळं? नाही. नेहमीचंच सगळं."

"सरपंचाला कुणी मारलं असेल?"

आप्पांनी मान हलवली. "डॉक्टरनं मारलं नसणार. डॉक्टर जनावराला मारत नसतो, पोरी." मग थोडं थांबून म्हणाले, "तू उघडून बघितलंस का? जनावर मेलं की माणसांना प्रश्न विचारायचे नसतात. पोटाला विचारायचं."

सल्ला चांगला होता. दहा वाजून गेले होते, चिपळूणची मंडळी ढेकर देत उतरली होती, आणि शिवांजलीनं सगळ्यांना म्हशीच्या गोठ्यासमोरच्या दगडी कट्ट्यापाशी बोलावलं.

४

सव्वीस पशुवैद्यांनी एका माशाभोवती कडं केलं. त्यांतल्या बहुतेकांनी मासा उघडलेला फक्त ताटात पाहिला होता. कॉलेजात माशांवर एकच तास झाला होता, आणि त्या दिवशी सगळ्यांनाच काहीतरी काम होतं.

निकम म्हणाले की हे सगळं अनावश्यक आहे, सूज स्पष्ट दिसते, विषबाधा आहे, आणि विष कुणी दिलं हे रेनकोटावर लिहिलेलं आहे.

शिवांजलीनं सुरी लावली. तोंडात तेल होतं. कल्ल्यांच्या लाल झालरी तेलानं चिकटून एकमेकींवर बसल्या होत्या. माशानं श्वास घ्यायचा तिथं गोडेतेल आणि हिंग. मग तिनं पोटावरून सुरी फिरवली.

आत वायू नव्हता. पाणी नव्हतं. विषही नव्हतं. पिवळीधमक अंडी होती, हजारो, दोन्ही बाजूंनी ठासून भरलेली, कट्ट्यावर ओघळून आलेली.

मागच्या रांगेतल्या एकानं फक्त "गाबोळी" म्हटलं, पण त्याच्या आवाजात भूक होती, म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि तो गप्प झाला.

चौदा शिबिरं सरपंचाला पुरुष समजत होती. पद महिलांसाठी राखीव निघालं होतं.

शिवांजलीनं हात धुतले. तिला सकाळपासून जो राग येत होता तो तिच्या स्वतःच्या प्रमाणपत्राचा होता. आता आला तो वेगळा होता, आणि तो गार होता.

"सत्तावीस डॉक्टर," ती म्हणाली. "सव्वीस जणांनी काल हिला हातात धरून फोटो काढला. पोट फुगलेलं सगळ्यांना दिसलं. मी हात लावला न्हाई, ती माझी चूक. लावला असता तर कळलं असतं."

निकमांनी घड्याळ बघितलं. त्यांनी सांगितलं की अंडी निघाली म्हणून रेनकोट बदलत नाही. शिवाय तेल आणि हिंग हा खेड्यातला उपाय; कराडच्या दवाखान्यात हिंग नसतं. इथं खेड्यातली डॉक्टर एकच आहे. वीस-पंचवीस मिनिटं उरलीत.

"बरोबर हाय सर," ती म्हणाली. "ज्यानं पाजलं त्यानं मारायला पाजलं नव्हतं. इलाज केला. पोटफुगीवर तेल-हिंग. म्हणूनच तर तो हो राजा, हो राजा म्हणत होता. आता ह्या यादीतनं एकेक काढू. प्रांजल मॅडम डॉक्टर नाहीत. साळूबाई स्वतःच्याच डबीतलं हिंग चोरणार नाहीत. सुभेदार माशाचं डोकं पाण्याबाहेर काढणार नाहीत. तुम्ही सर हातमोजे घातल्याशिवाय स्वतःच्या घराची कडी उघडत नाही, आणि ह्या ओरखड्यांत नख आहे. राहिले मी."

"कबूल?" निकम म्हणाले.

"थांबा की. मी पाजलं असतं तर कसं पाजलं असतं?" ती नाथाजींच्या मागं गेली, त्यांची क्षमा मागून दोन पायांत धरल्यासारखं केलं, आणि डावा तळहात त्यांच्या हनुवटीखाली घातला. नाथाजी फौजी शिस्तीत स्थिर उभे राहिले. "मेंढीला असं पाजत्यात. जबड्याखाली हात, गालाच्या कोपऱ्यातनं बाटली. आमच्यात लेकराला पण ठाऊक हाय हे. मेंढीच्या नाकाला आमी हात लावत न्हाई, ती गुदमरती. माझ्या आख्ख्या जन्मात मी कुठल्या जनावराचं नाक धरलेलं न्हाई."

मग ती आप्पांकडं वळली. आरामखुर्ची लोकांनी उचलून कट्ट्याजवळ आणून ठेवली होती आणि आप्पा तिच्यात समाधानानं बसले होते, बहुधा शवविच्छेदनाचा सल्ला त्यांचा होता म्हणून.

"आप्पा," ती म्हणाली, "काल व्याख्यानात वेळ झाला नाही. बैलाला तेल कसं पाजायचं, ते ह्या पोरांना एकदा दाखवता का?"

आप्पा उठले. एकाहत्तर वर्षांचा माणूस इतक्या वेगानं उठतो असं सव्वीस जणांनी पहिल्यांदाच पाहिलं. बैल नव्हता, म्हैस होती, पण ती साळूबाईंनी देऊ केली नाही. आप्पांनी इकडंतिकडं बघितलं आणि हाताशी होते त्या डॉ. विश्वजित निकम यांचं नाक धरलं. डावा अंगठा एका नाकपुडीत, मधलं बोट दुसरीत. मान वर, तोंड आपोआप उघडं.

"हो, हो... हो राजा, हो," आप्पा म्हणाले, आणि उजव्या हातानं नसलेली बाटली निकमांच्या तोंडात रिकामी केली.

प्रांजलच्या हातातला कागद खाली पडला.

"अंगठ्याचं नख रुंद, बोटाचं अरुंद," शिवांजली म्हणाली. "आप्पा, सकाळी तुम्हीच पाजलंत ना?"

"व्हय," आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात लाज नावालाही नव्हती. "डावी कूस फुगलेली. टिचकी मारून बघितली मी. बैलाला डाव्या अंगाला वायू धरतो, हे काल दोन तास सांगितलं न् सकाळी समोर केस हजर. पाऊस होता म्हणून खुंटीवरचा कोट घेतला. निघताना पाऊस थांबला, तिथंच टाकला."

"मग सकाळपासून बोलला का नाहीत?"

"तुम्ही सगळे विचारताय मारलं कुणी. मी मारलं नाही. मी इलाज केला." मग त्यांनी निकमांचं नाक सोडलं आणि चिंतेनं म्हणाले, "डोस कमी पडला बहुतेक."

घड्याळात पावणेबारा झाले होते.

५

इथं गोष्ट संपायला हवी होती. गुन्हा उघड झाला होता, आरोपी निर्दोष होती, गुन्हेगार कबूल होता आणि वर अभिमानात होता. पण गुन्हेगाराच्या सहीशिवाय कुणालाही गुण मिळणार नव्हते, ही अडचण निकमांच्या लक्षात सगळ्यांच्या आधी आली.

ते तिला बाजूला घेऊन गेले. नाक लाल झालं होतं, पण आवाज मऊ होता. त्यांनी सांगितलं की सकाळी सहाला कोयनानगरला भूकंपाचा धक्का बसला होता. बसला होता हे खरं. इथं तो बसतोच, आणि लोक कप बशीत ठेवायच्या आत संपतोही. तर मासा भूकंपानं दचकून गेला, असा अहवाल करू. शवविच्छेदन मॅडमनीच केलंय, सही त्यांचीच लागेल. सही झाली की पंधरा गुण, वर उत्कृष्ट शिबिरार्थी म्हणून पाच.

शिवांजलीला दवाखाना दिसला. दारातली कडुनिंबाची सावली दिसली, आणि मंगळवारी लंगडी मेंढी खांद्यावर घेऊन पाच कोस येणारा, कुलूप बघून परत फिरणारा माणूस दिसला. भूकंप असा एक शब्द लिहिला की तो माणूस परत फिरणार नव्हता.

तिनं पेन घेतलं आणि तिथंच कट्ट्यावर, उभ्या उभ्या, अहवाल लिहिला. मादी. अंड्यांनी परिपूर्ण. मृत्यूचं कारण, तेल पाजल्यामुळं कल्ले बंद होऊन गुदमरणं. पाजणाराचं नाव, वेळ, मात्रा. शेवटी एक ओळ: उपस्थित सत्तावीस शिबिरार्थी पशुवैद्यांपैकी एकानेही पोटाला हात लावून पाहिले नाही; मीही नाही.

निकमांनी वाचलं. "तुझं सोमवारी संपतंय ना?" ते म्हणाले. आता 'मॅडम' हा शब्द गेला होता.

"संपू दे. मेंढरं माझ्याकडं हात लावून बघायला येत्यात, सर. मी उद्यापास्नं खोटं लिहायला लागली, तर हात लावायचं सुटंल माझं. मग तुमच्यात आन् माझ्यात काय राह्यलं?"

त्यानंतर फार वेळ लागला नाही. अर्ध्या तासात एकमत झालं की शिबिर झालंच नाही. सव्वीस जणांना हे सोयीचं पडलं, कारण रविवारी ते जिथं नव्हते तिथं त्यांच्या सह्या होत्या. त्यांची नोंदणी कुणाची वर्षाची बाकी, कुणाची तीन. पुढच्या शिबिरात बघू म्हणाले. प्रांजलनं हजेरीचा कागद फाडला, आणि फाडताना शिवांजलीकडं बघितलं नाही. आप्पासाहेबांनी जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की पोरी, हात चांगला आहे तुझा, पण डोसाच्या बाबतीत तू अजून कच्ची आहेस. दोन दिवसांनी परिषदेचं पत्र आलं: अतिवृष्टीमुळे सदर शिबिर होऊ शकले नाही, तरी गुणांचा प्रश्न उद्भवत नाही. खाली अध्यक्षांची सही. टपोरी, सुंदर, अंगठ्याच्या नखाएवढी रुंद.

नाथाजींनी त्याच दुपारी काठ्या जमा करून नोकरी सोडली. सरपंचाला त्यांनी कोयनेत सोडलं, ओल्या हातांनी, अंड्यांसकट.

मंगळवारी सकाळी दवाखान्याला कुलूप लागलं. शिवांजली दवाखान्यासमोरच्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसली. कुणाला औषध लिहून दिलं नाही. तो अधिकार तिला नव्हता. पण जो येईल त्याच्या मेंढीला हात लावून ही गाभण, ही फुगलीय, हिला घेऊन आजच्या आज विट्याला जा, एवढं सांगण्याला नोंदणी लागते असं कुठल्या कायद्यात आहे, हे तिनं शोधून पाहिलं, आणि सापडलं नाही. दुपारी गर्दी ओसरल्यावर तिनं मांडीवर कागद घेऊन अर्ज लिहिला:

प्रति,
मा. अध्यक्ष, गुण समिती.

विषय: न झालेल्या शिबिराच्या पंधरा गुणांबाबत.

महोदय,

आपले पत्र मिळाले. शिबिर झाले नाही, हे मला मान्य नाही. सोमवारी माझी नोंदणी संपली, हेही मला मान्य नाही. ही बाब तालुक्यातील मेंढ्यांना तोंडी कळवली असून त्यांची हरकत आलेली नाही. सदर शिबिरात एकच गोष्ट शिकवली गेली, ती म्हणजे फुगलेले प्रत्येक पोट आजारी नसते, आणि ती शिकवण्यासाठी जिने जीव दिला तिला आपल्या पत्रात अतिवृष्टी म्हटले आहे. त्याबद्दल माझी तक्रार वेगळ्या अर्जाने येईल.

सबब विनंती की, आपण स्वतः अंथरूण-पांघरुणासह तीन दिवस माझ्या दवाखान्यासमोर मेंढरांच्या वाड्यात निवासी शिबिरास उपस्थित राहावे. चारशे मेंढ्यांपैकी गाभण कोणती व फुगलेली कोणती, हे कोणाच्याही नाकास हात न लावता ओळखून दाखवावे. आणि आपण उत्तीर्ण झाल्यास आपणास पंधरा गुण देण्याचा अधिकार मला, व अनुत्तीर्ण झाल्यास तेच पंधरा गुण मला देण्याचा अधिकार आपणास, पूर्वलक्षी प्रभावाने, सोमवार सायंकाळच्या आत, मंजूर करण्यात यावा.